काटकसर ताटातील नव्हे

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरची खाडी आहे. डिसेंबर २०२३ मधील ‘मिचौंग’ चक्रीवादळाच्या पुरात या खाडीत तेल पसरले आणि तेथील मच्छीमारांची मासेमारी थांबली. उत्पन्न थांबले, तरी चूल थांबत नाही. अशा वेळी कुटुंबाने काटकसर करावी तरी कोठे?

जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. म्हणूनच गरिबाघरी काटकसरीची कात्री प्रथम ताटावर चालते. सांबार पातळ होते आणि शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला डाळ उरतच नाही. ही बचत नव्हे; ती उद्याच्या आजारपणासाठी घेतलेली उचल होय.

तमिळनाडूत २०११ मध्ये शिधापत्रिकेवरील तांदूळ मोफत झाला, २०१६ मध्ये घरगुती विजेची दोन महिन्यांतील पहिली १०० युनिटे मोफत झाली, तर २०२१ मध्ये साध्या शहर बसमधील स्त्रियांचा प्रवास विनामूल्य झाला. अशा सवलतींतून वाचलेला पैसा डाळ, भाजी व अंड्यांसाठी राखणे, हीच खरी काटकसर. घरचे अंदाजपत्रक गृहिणी आखते. पण संकटकाळी ते तोलून धरण्यास सार्वजनिक व्यवस्थेचा आधार लागतोच.