नावनोंदणी : विश्वासाने सोपवलेली ठेव

(हीरक महोत्सवी मेळाव्यातील भाषण)



महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे उभी राहते, ती परस्परांच्या ओळखीवर. कोणाचे आजोबा पहिल्या तुकडीत होते, कोणाची मुलगी कोणत्या इयत्तेत आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ही ओळख शाळेचे बळ आहे. परंतु ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेची नावनोंदणी सुरू झाली, की हीच ओळख दोन दोषांना वाट करून देते. मुदत संपल्यावरही ओळखीच्या घरचे एक नाव घेतले जाते. आणि ‘सगळे आपलेच’ म्हणून मुलांची माहिती सर्वांपुढे मांडली जाते. पहिल्याने न्याय ढळतो, दुसऱ्याने विश्वास.

प्रथम न्यायाविषयी. स्विस पद्धतीत खेळाडूंची मानांकनानुसार क्रमवारी लावून पहिल्या फेरीच्या जोड्या ठरतात. त्यामुळे एक नाव उशिरा घुसले किंवा एक मानांकन चुकीचे नोंदले गेले, तर अनेक मुलांचे प्रतिस्पर्धी बदलतात. म्हणून मुदतीची वेळ, जागांची संख्या, प्रतीक्षायादीचा क्रम आणि वयोगटाची अट नोंदणीपूर्वीच जाहीर व्हावी. फिडे ही जागतिक संघटना वयोगटासाठी स्पर्धेच्या वर्षातील १ जानेवारी ही तारीख धरते. तीच स्पष्ट लिहावी. विश्वस्तांच्या नातवाला आणि नव्याने गावात आलेल्या मुलीला एकच नियम लागू असावा.

आता विश्वासाविषयी. वय पडताळण्यासाठी जन्मदाखला पाहावा लागतो; त्याची प्रत वर्षानुवर्षे साठवावी लागत नाही. पाहावा, नोंद करावी आणि प्रत पुसून टाकावी. घरचा पत्ता वा आधार क्रमांक यांची पटावरच्या खेळाला गरज नाही. जाहीर यादीत नाव, वयोगट आणि मानांकन पुरेसे आहे. पालकांचे दूरध्वनी क्रमांक एकाच जबाबदार शिक्षकाकडे राहावेत. दुवा मिळालेल्या कोणालाही उघडता येणारा तक्ता किंवा प्रत्येकाचा क्रमांक प्रत्येकाला दिसणारा व्हॉट्सॲप गट ही सोय वाटते. पण एकदा बाहेर गेलेला मुलीचा क्रमांक परत आणता येत नाही.

हा केवळ शिष्टाचार नव्हे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली. दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकारही त्यात आहे.

स्पर्धेत कॅमेरा सुरू ठेवण्याची अट असेल, तर तेही नोंदणीच्या वेळीच सांगावे. कारण कॅमेऱ्यात मुलाबरोबर त्याचे घरही दिसते. संगणकाची मदत घेतल्याचा संशय आला, तर मुलाची आणि पालकांची बाजू ऐकून निर्णय होईपर्यंत त्याचे नाव गटात चर्चेला येऊ नये. बारा वर्षांच्या मुलावर बसलेला खोटा शिक्का पदकापेक्षा अधिक काळ टिकतो.

नियम आधी लिहिण्याचे महत्त्व ३० ऑगस्ट २०२० रोजी जगाने पाहिले. पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम सामन्यात इंटरनेट खंडित झाल्यामुळे निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळेअभावी गेले. भारताने दाद मागितली आणि फिडेने भारत व रशिया यांना संयुक्त विजेते घोषित केले. नाशिकचा विदित गुजराथी त्या भारतीय संघाचा कर्णधार होता. एवढ्या मोठ्या व्यासपीठावर जे घडले, ते शाळेच्या स्पर्धेतही घडू शकते. संपर्क तुटल्यास काय करायचे आणि दाद कोणाकडे मागायची, हेही नोंदणीपत्रकावर असावे.

पालकांनी नाव देण्यापूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : ही माहिती कशासाठी, कोण पाहणार, केव्हा पुसणार आणि तक्रार कोणाकडे करायची? संगणक क्षेत्रातील माजी विद्यार्थ्यांनी देणगीबरोबरच सुरक्षित नोंदणीची व्यवस्था उभारून द्यावी. नोंदणीपत्रकावरचे मुलाचे नाव ही पालकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. साठ वर्षे शाळेने अशा ठेवी जपल्या. पडद्यावरच्या वहीतही त्या तशाच जपल्या जाव्यात.