मात्रा किती?

‘तू नक्की शिकवतोस तरी काय?’ असं सकाळपासून चार जणांनी विचारलं. मी विद्यापीठात औषधशास्त्र, म्हणजे फार्माकॉलॉजी शिकवतो. औषध शरीरावर काय करतं आणि शरीर औषधाचं काय करतं, हे त्यातले दोन मुख्य प्रश्न.

पहिल्या तासाला मी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. आयुर्वेदातली ही मुळी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या. १९४९ मध्ये त्या ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्या आणि जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. पुढे काही रुग्णांत उदासीनतेच्या तक्रारी दिसल्या, त्याही नोंदींमुळेच कळल्या.

पूर्वी प्रात्यक्षिकाला बेडूक असायचा; आता पदवीची मुलं तोच आलेख संगणकावर काढतात. ‘मात्रा किती?’ हा प्रश्न मात्र तोच आहे.

आता आपण सगळेच गोळ्यांच्या वयात आलो. म्हणून एक विनंती. काढा, चूर्ण, गुडघेदुखीची गोळी, जे घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं रोज घेतली, तर रक्तदाबाच्या गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. औषधाचा त्रास झाला तर तोही सांगा. २०१० पासून देशात अशा नोंदी घेणारी यंत्रणा आहे, रुग्णही तिथे कळवू शकतो.

शंका आली की हात वर करायला या शाळेने शिकवलं. दवाखान्यातही तो वर करा.