कॅमेरा घ्यायचा, पण कोणत्या चित्रपटासाठी?



आसाममध्ये छायगाव नावाचं गाव आहे. रीमा दास या तिथल्याच. आपल्या गावातल्या मुलांना घेऊन त्यांनी ‘व्हिलेज रॉकस्टार्स’ नावाचा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण आणि संकलन, सगळं त्यांचंच. चित्रपट २०१७ साली आला आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यांच्या हातातला कॅमेरा होता कॅननचा ५डी. लग्नसमारंभात फोटोग्राफरच्या गळ्यात आपण पाहतो, त्याच जातीचा. चित्रीकरण काही वर्षं चाललं. त्या काळात मुलं वाढली, गावात पाणी शिरलं, ओसरलं, आणि हे सगळं चित्रपटात उतरलं.

हाच कॅमेरा भाड्याचा असता, तर हा चित्रपट झाला नसता. रोजचं भाडं भरत पुराची वाट कोण बघेल? त्यांनी कॅमेरा घेतला म्हणजे खरं तर वाट बघण्याची मोकळीक विकत घेतली. म्हणून ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असं विचारणाऱ्या तरुण मित्रांना मी आधी विचारतो, तुमच्या चित्रपटाला दिवस किती लागणार आणि ते कसे लागणार?

पटकथा बांधून तयार आहे, नटांच्या तारखा ठरल्या आहेत, सलग दहा-बारा दिवसांत काम उरकायचं आहे? मग कॅमेरा विकत घेऊच नका, भाड्यानं आणा. जेवढ्या पैशांत साधा कॅमेरा विकत येतो, तेवढ्यात त्या दिवसांपुरता त्याहून कितीतरी चांगला कॅमेरा आणि चांगल्या लेन्स मिळू शकतात. वर त्याची नस माहीत असलेला अटेंडंट सोबत येतो. पण तुम्ही माहितीपट करताय, शनिवार-रविवारी मित्र जमतील तसं चित्रीकरण करताय, एखाद्या कुटुंबासोबत वर्षभर राहणार आहात, तर कॅमेरा स्वतःचाच हवा. साधा असला तरी चालेल.

कॅमेरा किती भारी यापेक्षा तो गोष्टीला किती शोभतो हे महत्त्वाचं. डेन्मार्कच्या थॉमस विंटरबर्गचा ‘फेस्टेन’ १९९८ साली कान महोत्सवात गाजला. अँथनी डॉड मँटल या छायाचित्रकारानं तो सोनीच्या पीसी३ या हातात मावणाऱ्या घरगुती कॅमेऱ्यावर टिपला होता. एका घरी वाढदिवसाची पंगत बसली आहे, कुटुंबाचं भयंकर गुपित बाहेर येतंय आणि कॅमेरा पाहुण्यांच्या मधून, खांद्यांवरून, कोपऱ्यांतून फिरतोय. चित्र खरखरीत आहे, पण तो खरखरीतपणा त्या घराचाच वाटतो.

आता जाहिरातींकडे वळू. ४के, ६के, ८के हे आकडे मोठ्या टायपात छापलेले असतात. त्यांना भुलू नका. आपल्या घरातलं फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. अनेक चित्रपटगृहांतलं २के प्रक्षेपण म्हणजे २०४८ बाय १०८०, म्हणजे रुंदीला जरासं जास्त, इतकंच. ४के असलं तर चांगलंच, संकलनात चौकट थोडी कापता येते. पण मी त्याऐवजी बारीक टायपातला एक आकडा शोधेन, तो कॅमेरा १० बिटमध्ये चित्रमुद्रण करतो का? ८ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा मिळतात, १० बिटमध्ये १०२४. संध्याकाळचं आभाळ ८ बिटवर टिपून नंतर त्याचे रंग बदलायला गेलात, की आभाळात पट्टे उमटतात आणि ते सहज पुसता येत नाहीत.

साठवणुकीचा हिशेबही खरेदीआधीच मांडावा. सेकंदाला १०० मेगाबिट या वेगानं चित्रमुद्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. दीड तासाच्या चित्रपटासाठी दसपट चित्रीकरण धरा, ते पंधरा तास होतं. म्हणजे ६७५ जीबी, आणि दोन प्रती ठेवल्या तर साडेतेराशे. दोन प्रती ठेवायच्याच. हार्ड डिस्कचे पैसे कॅमेऱ्याच्या पैशांतूनच बाजूला काढायचे.

लेन्सबद्दल मात्र जरा सविस्तर बोलायला हवं, कारण नवख्या माणसाचे पैसे बहुधा इथेच चुकीच्या जागी जातात. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची लेन्स स्वस्त असते. तिच्यानं चेहरा सुरेख येतो, मागचं सगळं पुसट होतं, आणि कॅमेऱ्याबरोबर सगळे तीच घेतात. पण आपल्या गोष्टी घडतात कुठे? चाळीत, वन बीएचकेमध्ये, दहा बाय दहाच्या खोलीत. एपीएस-सी आकाराचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० ची लेन्स लावून भिंतीला पाठ टेकून उभे राहिलात, तर तीन मीटरवर तुम्हाला जेमतेम १.४ मीटर रुंदी दिसते आणि उंची पाऊण मीटरच्या थोडी वर. म्हणजे खाटेवर बसलेली आजी अर्धीच दिसणार, आणि तिच्याशी बोलणारी सून चौकटीबाहेर राहणार. त्याच जागेवरून १६ मिलिमीटरची लेन्स चार मीटरहून अधिक रुंदी दाखवते. तेव्हा आधी आपल्या चित्रीकरणाच्या जागा टेपनं मोजा, मग लेन्स निवडा. कॅमेऱ्याची बॉडी दोन-तीन वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स सांभाळली तर पुढच्या तीन कॅमेऱ्यांना पुरते.

बाहेर उन्हात चित्रीकरण असेल तर एनडी फिल्टर हवाच. कॅमेऱ्याचा गॉगल म्हणा. भर दुपारी, आयएसओ १०० वर, १/५० सेकंदाचं शटर ठेवलं तर लेन्सचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करावं लागतं. तिथे एफ २.८ वापरायचं असेल तर सहा स्टॉप उजेड कापावा लागतो. फिल्टर नसला की लोक शटरचा वेग वाढवतात आणि चालणारी माणसं झटके देत चालल्यासारखी दिसू लागतात. १/५० चा दुसरा फायदा घरात मिळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० चं शटर ठेवलं की साध्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत नाही.

आणि आवाज! याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. शॉन बेकरचा ‘टँजरीन’ हा २०१५ चा अमेरिकन चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा आवाज फोनवर घेतलेला नव्हता, त्यासाठी व्यावसायिक ध्वनिमुद्रण केलं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. प्रेक्षक अंधूक चित्र सोसतो, पण संवाद ऐकू आला नाही तर तो गोष्टीतून उठून जातो. कॅमेऱ्यातला माइक पंखा, रिक्षा, शेजारचा टीव्ही आणि तुमची नायिका यांना एकाच मापानं मोजतो. बूमवर लावायचा एक माइक, एक-दोन कॉलर माइक आणि वेगळा रेकॉर्डर, यांचे पैसे आधी बाजूला ठेवा. ते भागवून जे उरेल, त्यात बसेल तो कॅमेरा तुमचा.

कॅमेऱ्यापलीकडचा हा विचार नवा नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा आणला, हे आपण शाळेत ऐकतो. पण त्यांनी फक्त कॅमेऱ्याची सोय केली नव्हती. कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं यंत्र, ती धुण्याची आणि छापण्याची व्यवस्था, सगळं जमवलं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत. ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाच्या आधी फाळक्यांनी कुंडीतल्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. चित्रपट तयार होण्याची पूर्ण वाट त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती.

गिंबल, स्लायडर, क्रेन ही कॅमेरा फिरवण्याची साधनं सध्या राहू द्या. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट जरूर बघा. मालेगावात आपले चित्रपट करणारी ती मंडळी सायकलवरून ट्रॉलीचा शॉट घेतात, बैलगाडीची क्रेन करतात, आणि त्यांच्या गावातले प्रेक्षक त्यांच्यावर जीव टाकतात.

शेवटी वापरलेल्या मालाबद्दल. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे एक दिवस मोकळा काढून जा. वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च तिच्या एका टोकाला लावून दुसऱ्या टोकानं आत बघा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. काचेवर पांढुरके तंतू दिसले तर ती लेन्स कितीही स्वस्त असली तरी परत द्या. कॅमेऱ्याला झाकण लावून मिनिटभर काळं चित्रीकरण करा आणि ते मोठ्या पडद्यावर बघा, म्हणजे सेन्सरचे बिघडलेले पिक्सेल चमकत्या ठिपक्यांसारखे दिसतील. एचडीएमआयची वायर लावून हलवून बघा, तिथली जोडणी कधीकधी सैल झालेली असते. नवा कॅमेरा बिलाशिवाय स्वस्तात देतो असं कुणी म्हणालं, तर १८ टक्के जीएसटी वाचतो पण कंपनीची वॉरंटीही जाते, आणि चोरी झाली तर तो तुमचा होता हे सिद्ध करायला हातात कागद उरत नाही.

आणि पैसे मोजण्याआधी दुकानदाराला विनंती करून कॅमेरा तिथेच, सर्वांत जास्त दर्जावर, पाऊण तास सलग चालू ठेवा. काही कॅमेरे एकोणतीस मिनिटांनी आपोआप थांबतात, काही तापून बंद पडतात. वातानुकूलित दुकानात जो तापला, तो मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात तुमच्यासोबत उभा राहणार नाही.