कोंबड्यांचा हिशेब

आपण बाजारांतून चिकन आणतों. त्यामागील हिशेब आतां मोबाइलमधील सॉफ्टवेअर ठेवतें. मेलेलीं पिलें, खर्चलेलें खाद्य, सरासरी वजन, सारें त्यांत रोज भरावयाचें. करारपद्धतींत पिलें, खाद्य व औषधें कंपनीचीं. शेड, वीज आणि श्रम शेतकऱ्याचे. त्याचा मोबदला बहुधा एका भागाकारावर ठरतो: एकूण खाद्य भागिलें एकूण जिवंत वजन. त्याला एफसीआर म्हणतात.

समजा, ५,००० पिलांपैकीं ४,८०० जगलीं व प्रत्येकीं दोन किलो भरलीं. म्हणजे ९,६०० किलो. खाद्य १४,८८० किलो लागलें, तर भागाकार १.५५. परंतु न आलेलीं ५० किलोंचीं १० पोतीं नोंदलीं गेलीं, कीं तोच १.६० होतो. पक्षी तेच, मेहनत तीच. मोबदला मात्र घटतो. यंत्राचा भागाकार अचूकच असतो. (फळ्यावरील आंकडा चुकीचा उतरवून पुढें गणित बिनचूक सोडविणारे विद्यार्थी मीं पुष्कळ पाहिले!)

म्हणून पोतीं उतरतांना शेतकऱ्यानें स्वतः मोजावींत, पक्षी भरतांना काट्यापाशीं उभें राहावें, आणि मोबाइलमधील नोंद पावतीशीं त्याच सायंकाळीं ताडून पाहावी. अंतिम हिशेब हातीं येतो तो बॅच विकली गेल्यावर. तोंवर रिकामीं पोतींही बहुधा परत गेलेलीं असतात.