वर्म आणि वर्मकलै
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण, तंजावर)



‘वर्मावर बोट ठेवणे’, ‘वर्मी घाव बसणे’ हे वाक्प्रचार आपण घरोघर वापरतो. एखाद्याचे बोलणे मनाला लागले, एवढाच त्यांचा अर्थ आपल्यापाशी उरला आहे. तंजावरात काही घराणी व्यंकोजीराजांच्या काळापासून नांदत आहेत, तर आम्हांसारखे काही केंद्र सरकारच्या बदलीने येतात. या तामिळ भूमीत मात्र ‘वर्मम्’ हा शब्द आजही शब्दशः जिवंत आहे. येथे खरोखरीच बोट ठेवतात.

‘वर्म’ म्हणजे मूळचे संस्कृत ‘मर्म’च. सुश्रुतसंहितेत शरीराची 107 मर्मे सांगितली आहेत. त्यांपैकी 19 तत्काळ प्राण घेणारी, 33 काही काळाने घेणारी आणि 44 व्यंग आणणारी. हे वर्णन शस्त्र चालविणाऱ्या वैद्यासाठी होते, शस्त्र कोठे लागता कामा नये हे त्यास कळावे म्हणून. तामिळ परंपरा 108 वर्मे मानते. त्यांत 12 पडुवर्मे अत्यंत घातक आणि 96 तोडुवर्मे. या विद्येचे माहेर येथून दक्षिणेस, कन्याकुमारीच्या परिसरात. तेथील गुरूला ‘आसान’ म्हणतात. तो आखाड्यातला उस्ताद असतो आणि हाड बसविणारा वैद्यही. प्रहाराबरोबर त्याचा उतारा शिकविणे हा त्या परंपरेचा नेम आहे.

वैद्यकाच्या बाबतीत शेजाऱ्याकडून शिकण्याची लाज आपल्या राजांनाही नव्हती. दुसऱ्या सरफोजीराजांच्या (1798 ते 1832) धन्वंतरी महालात निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करीत.

1996 साली ‘इंडियन’ नावाचा चित्रपट आला. हिंदीत तो ‘हिंदुस्तानी’. त्यातील वृद्ध नायक दोन बोटांनी माणसाला लुळा करतो. तेव्हापासून ही कला चार दिवसांत येते, अशी मुलांची समजूत झालेली दिसते. आमचे मत स्पष्ट आहे. झटापटीत समोरचा माणूस स्थिर उभा राहत नाही, अंगावर जाड कपडे असतात, आपले हात भीतीने थरथरतात. अशा वेळी बोटाएवढी जागा सापडणे दुरापास्त. शिवाय दारू प्यालेल्यास वेदना लवकर जाणवत नाही. कोपराच्या हाडाला धक्का लागला की मुंग्या येतात, हे खरे; पण तेवढ्याने हल्लेखोर थांबेलच असे नाही. आणि मानेच्या बाजूवरील प्रहार तर गंमत म्हणूनही करू नये. तेथील धमनीवर आघात झाल्यास माणूस मूर्च्छित होतो, क्वचित दगावतो.

मग मुलींना काय शिकवावे? मोठ्याने ओरडणे. पकडलेले मनगट हल्लेखोराच्या अंगठ्याच्या बाजूने झटकून सोडविणे, कारण पकड तेथेच सर्वांत कच्ची असते. टाचेने पायाच्या पंजावर जोराचा आघात, जवळ आल्यास कोपर, आणि संधी मिळताच पळ. पळण्यात कमीपणा कसला? गनिमी कावा आपल्यालाच का समजावून सांगावा लागावा!

मंडळाने उन्हाळ्यात असा वर्ग काढावा, अशी आमची सूचना आहे. त्यासाठी आसान अवश्य बोलवावा, मात्र प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकांनी त्याला एकच विचारावे: लागलेले वर्म आपण उतरवता का, आणि तेही मुलांना शिकवाल का? उत्तर टाळणाऱ्याकडे मुले पाठवू नयेत. आणि वर्गात मुलींबरोबर त्यांच्या आयांनाही प्रवेश असावा.