दुपारचा अर्धा तास

नोकरीवर रुजू होताना माणसाच्या पुढ्यात नियमांची एक पुस्तिका येते. चाळीस-पन्नास पानं, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर सही करायची असते. मी बरीच वर्षं एका कारखान्यात टाइमकीपर होतो. अशा शेकडो सह्या माझ्या टेबलावर झाल्या. सहीआधी पुस्तिका वाचून काढलेला माणूस मला आठवत नाही.

त्या पुस्तिकेत जेवणाच्या सुट्टीबद्दल एकच ओळ होती : 'कामाच्या सोयीनुसार विश्रांती देण्यात येईल.' सोय कुणाची, ते लिहिलं नव्हतं. एकचा भोंगा व्हायचा, पण पट्टा चालूच. पॅकिंगवरच्या एक बाई तिथंच स्टुलावर डबा उघडायच्या. उजव्या हातानं घास आणि डाव्या हातानं खोकी पुढे सरकवणं. आणि हजेरीपत्रकावर त्यांच्या नावापुढे मी रोज अर्धा तास सुट्टी मांडत होतो. त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

हा अर्धा तास कुणी आपखुशीनं दिलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा त्यातल्या मागण्या होत्या. रविवार मिळाला १८९० मध्ये. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आला. पगाराची तारीख कायद्यानं बांधून घ्यायला मात्र १९३६ साल उजाडलं.

म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की 'कायद्याप्रमाणे' एवढ्या शब्दावर भागवू नका. घड्याळ लिहा. सुट्टी एक ते दीड, त्या वेळात पट्टा बंद, किंवा जागेवर बदली माणूस उभा. गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानातल्या मुलीला जेवणावरून उठवलं, तर तिची सुट्टी झाली नाही, हेही लिहा. जादा कामाचा दर दुप्पट. त्याची नोंद कोण करणार आणि कामगाराला ती कधी बघायला मिळणार, तेही लिहा.

किमान वेतनाचं जरा वेगळं आहे. महाराष्ट्रात ते उद्योगानुसार आणि परिमंडळानुसार बदलतं. महानगरपालिकेच्या हद्दीतला दर आणि खेड्यातला दर एक नसतो. शिवाय महागाईशी जोडलेला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत, असा वर्षातून दोनदा बदलतो. पुस्तिकेत छापलेला आकडा सहा महिन्यांत शिळा होतो. तेव्हा पुस्तिकेत नियम छापा आणि चालू दर फळ्यावर लावा. कामाच्या तासांचे कायदेही बदलतात, त्यामुळे मुखपृष्ठावर सुधारणेची तारीख हवीच.

कामगार बंधू-भगिनींनो, सही करण्याआधी तीन पानं तरी मागून घ्या : सुट्टीचं, पगाराच्या तारखेचं आणि ओव्हरटाइमचं. इंग्रजी येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. आणि मालकमंडळी, तीच तीन पानं मराठीत छापून हजेरीच्या यंत्राशेजारी, नजरेच्या उंचीवर लावा. एका दुपारचं काम आहे.