मशीन कोण सुरू करतं, सही कोण करतं

(पालघर येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'मुलींना इंजिनिअरिंगकडे कसं वळवावं'. मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली दहा-अकरा वर्षं पालघर-बोईसरच्या पाड्यांवर आणि कामगार वस्त्यांत काम करते आहे. त्यामुळे यंत्रांबद्दल मी काही सांगू शकणार नाही. पण एका मुलीला मी इंजिनिअरिंगपासून दूर कसं लोटलं ते सांगू शकते. ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलायचा मला अधिकारही नाही.

ती मनोरकडच्या एका पाड्यावरची, वारली समाजातली, आश्रमशाळेत शिकलेली. दहावीला ७४ टक्के, गणितात त्याहूनही जास्त. निकाल लागला त्याच आठवड्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, मला मशीनचं शिकायचंय." तिच्या मामाचं नाक्यावर वेल्डिंगचं दुकान. सुट्टीत ती तिथे बसायची, हात काळे करून घ्यायची. शिबिराशिबिरांतून समानतेची गाणी म्हणणारी मी तिला काय म्हणाले असेन? "अगं, वर्गात तू एकटी पडशील. कॉलेज लांब, येणं-जाणं कसं करणार? त्यापेक्षा अकरावी-बारावी कर आणि नर्सिंगला जा." तिच्या बापाने जे कारण दिलं असतं तेच मी दिलं, फक्त जरा गोड भाषेत. ती अकरावीला गेली, वर्षभरात वडील आजारी पडले, कॉलेज सुटलं. मग ठेकेदाराच्या गाडीतून बोईसरच्या एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला.

तीन वर्षांनी नवापूर नाक्यावर भेटली. कामाचं विचारलं तर सांगू लागली, "ताई, सीलिंगची मशीन दिवसातून दोनदा तरी अडकते. मेंटेनन्सचे सर येईपर्यंत आमचं टार्गेट बोंबलतं. म्हणून मीच उघडते, पट्टी साफ करते, परत बसवते. मग सर येतात नि रजिस्टरवर सही करतात." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, गंमत म्हणून सांगत होती.

आता ही गोष्ट कुठे घडते ते बघा. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झालं. नंतर ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये चालू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. शेजारी बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, रसायनांचे, औषधांचे, कापडाचे, लोखंडाचे कारखाने. म्हणजे इथल्या तीन पिढ्या इंजिनिअरिंगच्या दाराशी वाढल्या. तरी आमच्या पाड्यांवर इंजिनिअर म्हणजे गाडीने बाहेरून येणारा 'साहेब'. दार एकच, पण आत जायच्या वाटा दोन. साहेब ओळखपत्र लावून जातो, आमच्या बाया ठेकेदाराच्या यादीतून जातात.

मुलींना हुरूप यावा म्हणून आपण थोर बायकांच्या गोष्टी सांगतो, मीही सांगते. सुधा मूर्तींची तर हमखास. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळवली. गोष्ट खरी आहे, छानही आहे. पण त्यांचे वडील डॉक्टर होते आणि त्या स्वतः बंगलोरच्या इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होत्या. आमच्या पोरीला पत्र कुणाला लिहायचं हेच ठाऊक नसतं. मला त्यापेक्षा मद्रासच्या ए. ललितांची गोष्ट जास्त कामाची वाटते. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य, पदरात तान्ही मुलगी. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या विधवा मुलीसाठी खटपट केली, आणि १९४३ मध्ये ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. म्हणजे तिथेही नुसती जिद्द पुरली नव्हती. कॉलेजच्या दारापर्यंत सोबत जाणारं कुणीतरी होतं. पाड्यावर ते कुणीतरी कोण, हा आपला प्रश्न.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९४८च्या कारखाना कायद्यातल्या ६६व्या कलमाने संध्याकाळी सातनंतर ते सकाळी सहापर्यंत बाईला कारखान्यात कामाला ठेवायला मनाई केली. हेतू संरक्षणाचा होता. पण 'मुलगी घेतली तर शिफ्टला लावता येत नाही' हे मालकाला आयतं कारण मिळालं. २०२०च्या नव्या संहितेने बाईची संमती आणि सुरक्षिततेच्या अटी घालून रात्रपाळी मोकळी केली आहे. कागदावर ठीक आहे. पण रात्री अकराला पाळी सुटल्यावर फाट्यापासून पाड्यापर्यंतच्या अंधाराचं काय? आणि मशीनजवळ बायकांसाठी संडास आहे का? हे प्रश्न कुठल्याही करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकेत नसतात. ते आपणच विचारायचे.

पैशाचं म्हणाल तर पूर्वीपेक्षा वाट सोपी झाली आहे. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, आणि डिप्लोमावरून डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशात ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. आदिवासी मुलींना शिष्यवृत्तीतून फी मिळते. ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला. तंत्रशिक्षण परिषदेची 'प्रगती' शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५० हजार रुपये, खास मुलींसाठी. मात्र फी माफ झाली तरी गाडीभाडं माफ होत नाही, ड्रॉइंगचं सामान माफ होत नाही. आणि या सगळ्याला दाखले लागतात. उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा. डिग्रीसाठी वर जात वैधता. दाखले निघेपर्यंत प्रवेशाची तारीख गेलेली असते. माझ्या अनुभवात हुशारी कमी पडून राहिलेली मुलगी विरळा. दाखल्यापायी राहिलेल्या पुष्कळ.

गेल्या वर्षी एका बैठकीत एका मांगेला ताईंनी मला अडवलं. त्या मासळी विकतात. "आमची खाडी या कारखान्यांनी नासवली. आता आमच्याच पोरी शिकवून त्यांना इंजिनिअर पुरवायच्या का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. त्यांच्या समाजाच्या संघटनेने या सांडपाण्याविरुद्ध हरित लवादापर्यंत लढा नेला आहे. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसं गेली, तेही आपण विसरलेलो नाही. पण मी त्या ताईंना नंतर घरी जाऊन सांगितलं ते असं. पाण्यात काय आहे ते मोजतो इंजिनिअर. टाकीवरचा व्हॉल्व्ह चालतो की नाही ते तपासतो इंजिनिअर. 'सगळं ठीक' म्हणून सही करतो तोही इंजिनिअरच. त्या सहीच्या जागी खाडीकाठची पोर बसली तर ती खोटी सही करणार नाही, असं मी म्हणत नाही. नोकरी सगळ्यांनाच प्यारी असते. पण त्या नळातून काय जातं ते तिला कळेल, आणि घरी येऊन ती आईशी बोलेल. ताईंचं पूर्ण समाधान झालं नाही. माझंही नाही.

मग करायचं काय? नुसत्या भाषणांनी वळत नाही कुणी, हे मी तुमच्यापुढे भाषण करतानाच सांगते! उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून १९९०च्या दशकात दलित-आदिवासी बायका हँडपंप दुरुस्त करायला शिकल्या. अक्षरओळखही नसलेल्या बायकांनी पाने हातात घेतले, पंप उघडले. ते आठवून आम्ही दोन वर्षांपूर्वी समाजमंदिरात रविवारची बैठक सुरू केली. बंद पडलेले पंखे, मिक्सर, सायकली आणायच्या आणि उघडायच्या. पहिल्या रविवारी मुली स्क्रू ड्रायव्हर धरायलाच बिचकत होत्या. 'मोडलं तर?' मुलाने मोडलं तर तो शिकत असतो, मुलीने मोडलं तर नुकसान होतं, हे घरातच शिकवलेलं असतं ना. चौथ्या रविवारी एका आठवीतल्या मुलीने घरचा पंखा चालू केला. तिची आई पुढच्या वेळी शेजारणीचा मिक्सर घेऊन आली. त्या आईशी डिप्लोमाबद्दल बोलणं मला मग अवघड गेलं नाही.

या बैठकीत शिकवायला कोण, तर तीच, सीलिंगची मशीन उघडणारी. मी तिच्याकडे गेले, माझं चुकलं म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा तुम्हाला तरी काय माहीत होतं, ताई." मागच्या जूनमध्ये तिने मेकॅनिकलच्या डिप्लोमाचा फॉर्म भरला. दाखल्यांसाठी आम्ही दोघी तहसील कचेरीत सहा खेपा घातल्या. प्रवेश मिळाला. वर्गात ती वयाने सगळ्यांत मोठी आहे, आणि मुली मोजक्याच आहेत, ते मी तेव्हा म्हटलं होतं तसंच. गणित विसरलं होतं, पहिल्या सत्रात एक विषय राहिला. वर्कशॉपमध्ये मात्र मुलं तिला विचारायला येतात. शनिवारी-रविवारी ती अजून पॅकिंगला जाते, कारण गाडीभाडं कुठून येणार?

त्या गाडीभाड्यासाठी आपल्या गटांनी मिळून काही करता येईल का, हे मला आज विचारायचं आहे. दाखल्यांची यादी मी छापून आणली आहे. चहाच्या सुट्टीत प्रत्येकीने एक प्रत घ्या, आणि आपापल्या वस्तीतल्या नववीतल्या मुलींची नावं मला लिहून द्या. दहावीतल्या नकोत, त्यांना उशीर होतो.